पंचतारांकित उधारी

धंद्यात रोज लागणाऱ्या पैशाला मराठीत ‘खेळते भांडवल’ म्हणतात. शब्द नेमका आहे. घरात हवा खेळती लागते, तसा धंद्यात पैसा. तो कुठे अडला, तर नफ्यातला धंदाही गुदमरतो. मोठ्या हॉटेलात हा पैसा कसा फिरतो आणि कोणाच्या दारात अडतो, हे पाहण्यासारखे आहे.

ताळेबंदाच्या भाषेत चालू मालमत्तेतून चालू देणी वजा केली की खेळते भांडवल उरते. हॉटेलच्या एका बाजूला मालाचा साठा आणि ग्राहकांकडून येणे असते. दुसऱ्या बाजूला पुरवठादारांचे देणे आणि पाहुण्यांनी दिलेली आगाऊ रक्कम.

कारखान्याच्या मानाने हॉटेलचा साठा थोडा. हॉटेल विकते ती रात्र, आणि आजची रिकामी खोली उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. मासळी, भाजी, फुले एक-दोन दिवसांत संपतात. पैसा अडकतो तो विदेशी मद्यात आणि चादरी-टॉवेलांत. एका पलंगामागे किमान तीन संच लागतात. एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात.

येणे ही मोठी बाब आहे. एकटा-दुकटा पाहुणा निघताना कार्ड पुढे करतो. पण कंपन्या, प्रवास संस्था, विमानसेवांचे कर्मचारी यांची बिले मागाहून जातात. समजा, २०० खोल्यांच्या हॉटेलात रोज १४० खोल्या भरतात आणि भाडे १२,००० रुपये आहे. रोजची विक्री १६ लाख ८० हजार झाली. त्यातली निम्मी उधारीवर आणि वसुलीला ४५ दिवस लागत असतील, तर ३ कोटी ७८ लाख रुपये कायम बाहेर अडकून राहतात. वसुली ३० दिवसांवर आणली, की १ कोटी २६ लाख मोकळे होतात. त्यासाठी एकही जादा खोली विकावी लागत नाही. फक्त बिल वेळेवर आणि बिनचूक पाठवावे लागते.

पण बड्या कंपनीकडे तगादा लावणे अवघड वाटते आणि मासळीवाल्याला थांबवणे सोपे. लग्नसमारंभाची आगाऊ रक्कम आधी हाती येते, पुरवठादाराचे बिल दीड-दोन महिन्यांनी चुकते होते. मधल्या काळात हॉटेल दुसऱ्याच्या पैशावर चालते. याला ऋण खेळते भांडवल म्हणतात आणि ते कार्यक्षमतेचे लक्षण मानले जाते.

या कार्यक्षमतेची किंमत मोजून पाहू. मासळीचा व्यापारी रोज ४०,००० रुपयांचा माल देतो आणि पैसे ६० दिवसांनी मिळतात, असे धरू. त्याचे २४ लाख अडकले. पहाटेच्या लिलावात त्याला मात्र रोख मोजावी लागते. ही रक्कम त्याने महिना दोन टक्क्यांनी उचलली, तर दरमहा ४८,००० रुपये व्याज झाले. तेवढेच पैसे हॉटेलने बँकेकडून वर्षाला दहा टक्क्यांनी घेतले असते, तर २०,००० पुरले असते. म्हणजे ज्याला पैसा सर्वांत महाग पडतो, त्याच्याकडूनच तो घेतला जातो. वरचे २८,००० रुपये आज ना उद्या पापलेटच्या भावात चढतात, किंवा व्यापारी धंदा सोडतो.

कायद्याने यात लक्ष घातले आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ च्या हिशेबापासून आयकराचाही चाप बसला. मुदत उलटून वर्षअखेर थकलेली अशी रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून वजा होत नाही. प्रत्यक्ष दिली त्या वर्षीच होते.

यातून लाँड्रीवाला आणि बेकरीवाला वाचतो. मासळीचा व्यापारी मात्र वाचत नाही. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना ‘उद्यम’ नोंदणी खुली झाली, पण ती केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जांपुरती. विलंबाविरुद्धचे संरक्षण त्यांना मिळाले नाही. आणि ज्यांना ते मिळाले, त्यांच्यापैकी किती जण रोजच्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करतील?

ही व्यवस्था हॉटेललाही सुरक्षित नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत नवे आरक्षण थांबले, लग्ने पुढे गेली, आगाऊ रकमा परत मागितल्या जाऊ लागल्या आणि जुनी बिले मात्र उभी राहिली. विक्री चालू असते तोवर ऋण खेळते भांडवल पैसा पुरवते. विक्री थांबली की तेच देणे होऊन अंगावर येते. जून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला हॉटेलांसह संपर्काधारित सेवांना कर्ज मिळावे म्हणून बँकांसाठी १५,००० कोटींची रोखता खिडकी उघडावी लागली.

खेळत्या भांडवलाचे चांगले व्यवस्थापन म्हणजे आधी आपली वसुली लवकर करणे, कपाटातला साठा आटोपशीर ठेवणे आणि लहान पुरवठादाराचे पैसे ठरल्या दिवशी देणे. देणे लांबवून दिसणारी बचत हॉटेलच्या हिशेबात जमा होते, तिचे व्याज मात्र मासळीबाजारात भरले जाते.