विश्लेषण : आई-बाबांची पहिली नोकरी मुलांना माहीत असते का? ‘मोगली’, ‘फास्टर फेणे’ पुढच्या पिढीला दाखवावेसे का वाटतात?

‘आमच्या लहानपणी...’ असे म्हणत बाबांनी सुरुवात केली, की घरातली मुले हळूच मोबाइल उचलतात. यूट्यूबवर शोधून काढलेला ‘जंगल बुक’चा भाग मुले पाच मिनिटे पाहतात आणि उठून जातात. कपाटातून काढलेले ‘फास्टर फेणे’चे पिवळे पडलेले पुस्तक टेबलावर तसेच पडून राहते. पालक हिरमुसतात. पण आपल्या आवडीचे पुस्तक, मालिका किंवा पहिल्या पगाराची गोष्ट मुलांपर्यंत पोहोचवण्याची ही धडपड निव्वळ स्मरणरंजन नाही. मानसशास्त्रज्ञांनी तिचा बराच अभ्यास केला आहे आणि त्यातला एक प्रश्न थेट पालकांच्या जुन्या नोकऱ्यांविषयी आहे.

‘तुला माहीत आहे का?’ ही चाचणी काय आहे?

अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी २००१ च्या सुमारास मुलांसाठी २० प्रश्नांची एक यादी केली. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असे द्यायचे. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-बाबांची भेट कुठे झाली, तुझे नाव कशावरून ठेवले, घरात तू कोणासारखा दिसतोस, हे तुला माहीत आहे का, असे हे प्रश्न आहेत. आणि त्यातच एक : आई-बाबांनी तरुणपणी कोणकोणत्या नोकऱ्या केल्या, हे तुला माहीत आहे का?

ही यादी करताना एक पथ्य पाळले गेले. मुलाने स्वतः पाहिलेले किंवा अनुभवलेले काहीही त्यात नाही. म्हणजे उत्तर ‘हो’ येण्यासाठी कोणीतरी ते मुलाला सांगितलेले असायला हवे. या चाचणीत ज्या मुलांना जास्त उत्तरे माहीत होती, त्यांचा आत्मसन्मान जास्त असल्याचे दिसले. आयुष्यातल्या गोष्टी आपल्या हातात आहेत, असेही त्यांना अधिक वाटत होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर याच कुटुंबांची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा घरातल्या गोष्टी ठाऊक असलेली मुले ताण तुलनेने चांगला पेलत असल्याचे आढळले.

आता सावधगिरीचा भाग. हा परस्परसंबंध आहे. एकामुळेच दुसरे घडते, असे त्यातून सिद्ध होत नाही. मुलाला २० उत्तरे पाठ करायला लावली म्हणून त्याचा आत्मविश्वास वाढणार नाही, असे खुद्द ड्यूक यांनीच नंतर स्पष्ट केले. जेवताना, प्रवासात, सुट्टीत ज्या घरात अशा गप्पा होतात, त्या घराचे वातावरण महत्त्वाचे. उत्तरे हा त्याचा केवळ पुरावा.

पहिला पगार इतका लख्ख का आठवतो?

चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर त्या सगळ्या वर्षांत सारख्या विखुरलेल्या नसतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींची गर्दी होते. आलेख काढला तर तिथे उंचवटा दिसतो, म्हणून मानसशास्त्रात याला ‘रेमिनिसन्स बंप’ म्हणतात.

कारणे एकाहून अधिक सांगितली जातात. या वयात बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात, त्यामुळे मेंदूला त्या वेगळ्या ओळखता येतात. शंभराव्या मीटिंगचे तपशील पुसले जातात, पण पहिल्या दिवशी कोणत्या खुर्चीवर बसवले, डबा कोणासोबत खाल्ला, हे राहते. शिवाय ‘मी कोण’ याचे उत्तर माणूस याच वयात जुळवत असतो. ज्या गोष्टींतून ते उत्तर मिळाले, त्या पुन्हा पुन्हा आठवल्या आणि सांगितल्या जातात. सांगितल्याने त्या आणखी पक्क्या होतात.

माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे ‘अग्निपंख’ हे आत्मचरित्र अनेकांनी शाळेत असताना वाचले आहे. त्यात त्यांच्या पहिल्या कमाईची हकिगत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमचा रेल्वे थांबा बंद झाला होता. वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जात. पेपर वाटणारे त्यांचे चुलतभाऊ शमसुद्दीन यांना ते गठ्ठे झेलायला मदतनीस हवा होता. हे काम छोट्या कलामांनी केले. पुढे त्यांनी अग्निबाण उडवले, पण पहिल्यांदा स्वतः पैसे मिळवल्याचा अभिमान अर्धशतकानंतरही जाणवतो, असे त्यांनी नमूद केले आहे. उंचवटा म्हणतात तो हाच.

पुस्तके आणि मालिकांचेही तसेच. आज चाळिशीच्या आसपास असलेले पालक १९९३ मध्ये आठ-दहा वर्षांचे होते. त्या वर्षी दूरदर्शनवर रविवारी ‘जंगल बुक’ सुरू झाले. मूळ जपानी ॲनिमेशन मालिका, तिचे हिंदी शीर्षकगीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानला आवाज नाना पाटेकर यांचा. १९९७ मध्ये ‘शक्तिमान’ आला. हे सगळे नेमके उंचवट्याच्या सुरुवातीला येते.

पालकांच्या आवडी मुलांपर्यंत खरेच पोहोचतात का?

याचे उत्तर संगीताच्या एका प्रयोगातून मिळते. कॉर्नेल विद्यापीठातील कॅरल क्रुमहान्सल यांनी जस्टिन झुपनिक यांच्यासह साधारण विशीतल्या विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ या काळातली गाजलेली गाणी ऐकवली. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांना स्वतःच्या काळातली गाणी सर्वाधिक ओळखू आली, यात नवल नाही. पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाण्यांपाशी आलेख पुन्हा वर गेला. तेव्हा या मुलांचा जन्मही झाला नव्हता, त्यांचे पालक मात्र तरुण होते. त्याही मागे, १९६० च्या दशकातल्या गाण्यांपाशी आणखी एक चढ दिसला. तो आजी-आजोबांकडून आला असेल किंवा ती गाणीच तशी टिकाऊ असतील, असे संशोधकांचे म्हणणे.

थोडक्यात, आठवणींचा उंचवटा पाझरत पुढच्या पिढीत उतरतो. मात्र गाणे आणि मालिका यांत फरक आहे. घरात किंवा गाडीत गाणे चालू असते तेव्हा मूल ते आपोआप ऐकते, त्यासाठी कोणी त्याला समोर बसवत नाही. मालिकेसाठी बसवावे लागते. घोडे इथेच अडते.

मग मुले कंटाळतात ती का?

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवला. त्याआधी २८ मार्चपासून ‘रामायण’ सुरू झाले होते. आई-वडील आणि मुले एकाच मालिकेसमोर बसल्याचा एवढा मोठा योग अलीकडे आला नव्हता. पालक हरखून गेले, मुलांच्या प्रतिक्रिया संमिश्र होत्या. खरे तर ‘शक्तिमान’मधले स्पेशल इफेक्ट्स आज केविलवाणे वाटतात, हे मान्य करायला हरकत नाही.

पालकांना जे आठवते ते फक्त पडद्यावरचे नसते. रविवारची सकाळ, अँटेना फिरवायला गच्चीवर गेलेला काका, शेजारच्या घरी सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली मुले, ऐन रंगात गेलेली वीज आणि पुढचा भाग पाहायला आठवडाभर थांबणे, हे सगळे त्या मालिकेचा भाग होते. यूट्यूबवर यातले फक्त चित्र उरले आहे. तेही चौकोनी, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असलेले. (त्या काळच्या टीव्हीचे प्रमाण चारास तीन होते, आताचा पडदा सोळास नऊ. मोबाइल आडवा धरला तरी पट्ट्या जात नाहीत.) मुलाला दिसते ते एवढेच. उरलेले सांगावे लागते.

‘शक्तिमान’च्या शेवटी मुलांच्या चुका दाखवणारा छोटा भाग असे आणि त्यातली मुले ‘सॉरी शक्तिमान’ म्हणत. तो भाग लागल्यावर आपण कोणत्या खोडीनंतर घरात असेच ‘सॉरी’ म्हणालो होतो, हे आईने सांगितले, तर मूल अख्ख्या मालिकेपेक्षा त्यात जास्त रमण्याची शक्यता आहे.

पुस्तकाचेही तसेच. भा. रा. भागवत यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा. तो पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो आणि सायकलवरून उचापती करतो. आजच्या पुणेकर मुलांना फुरसुंगी म्हटले की आयटी कंपन्या आणि वाहतूक कोंडी आठवते. समजा, याच भागातल्या एखाद्या कंपनीत रात्रपाळी करत बाबांनी पहिली नोकरी केली असेल, तर पुस्तक आणि नोकरी या दोन गोष्टी एकाच बस मार्गावर येतात. ‘बन्याचे गाव आणि माझे पहिले ऑफिस’ हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. अमेय वाघची भूमिका असलेला २०१७ चा ‘फास्टर फेणे’ हा चित्रपटही मदतीला आहे. पुस्तकाआधी तो दाखवला तरी बिघडत नाही.

नोकरीच्या गोष्टी घरात कमी का सांगितल्या जातात?

मालिका आणि पुस्तकांबद्दल पालक भरभरून बोलतात. पहिल्या नोकरीबद्दल मात्र बऱ्याच घरांत दोनच वाक्ये असतात : ‘आम्ही खूप कष्ट केले’ आणि ‘तुम्हाला सगळे आयते मिळते’. यात गोष्ट नाही, टोमणा आहे. मूल कान बंद करते ते इथे.

खरी गोष्ट तपशिलात असते. एसटीडी बूथवर बसणाऱ्या मुलीसमोर लाल आकड्यांचे मीटर पळत असे. रात्री उशिरा दर कमी व्हायचे, म्हणून तेव्हा रांग लागायची आणि काचेच्या केबिनमधले रडणे-भांडणे नको असले तरी कानावर पडायचे. फोन करण्यासाठी लोक रांगेत उभे राहत, हेच दहा वर्षांच्या मुलाला परीकथेसारखे वाटेल. सायबर कॅफेत तासाचे पैसे घेणारा, कॅसेटमध्ये गाणी भरून देणारा, फोटो स्टुडिओच्या काळोख्या खोलीत फिल्म धुणारा, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कार्बन लावून देणारा, ही सगळी कामे एका पिढीत जवळपास संपली. त्यांची माहिती इंटरनेटवर सापडेल, पण त्या खुर्चीवर बसलेला माणूस घरातच आहे.

महाराष्ट्रात ‘कमवा व शिका’ योजनेतून शिकलेले पालकही मोठ्या संख्येने आहेत. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विचारातून ही पद्धत रुजली. कॉलेजची बाग, ग्रंथालय, कार्यालय, शेत इथे काही तास काम करायचे आणि त्या पैशांतून मेस किंवा पुस्तकांचा खर्च भागवायचा. वर्गातली मुले बाहेर गप्पा मारत असताना आपण हातात खुरपे घेऊन बसलो होतो, हे सांगायला आजही काहींना संकोच वाटतो. मुलाला ऐकण्यासारखे मात्र तेच आहे.

फिवुश आणि ड्यूक यांच्या कामात कुटुंबाच्या गोष्टींचे तीन प्रकार येतात. काही नव्हते आणि सगळे मिळवले, हा चढता. सगळे होते आणि गेले, हा उतरता. आणि तिसरा, चढ-उतारांचा : नोकरी लागली, सुटली, धंदा बुडाला, मावशीने मदत केली, पुन्हा उभे राहिलो. मुलांना सर्वाधिक बळ या तिसऱ्या प्रकारातून मिळते, असे ड्यूक यांचे मत आहे. आपल्याकडे मुलांसमोर पहिला प्रकार मिरवला जातो आणि दुसरा लपवला जातो.

बालपणी केलेल्या कामाबद्दल बोलताना मात्र भान हवे. शाळा बुडवून हॉटेलात कपबशा विसळाव्या लागल्या असतील, तर ती मजा नव्हती, गरज होती, असेच सांगायला हवे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. शाळेनंतर घरच्या व्यवसायात मदत आणि बालकलाकार असे मोजकेच अपवाद आहेत. हा कायदा का करावा लागला, हेही मुलाला त्याच गोष्टीतून कळू शकते.

जुने साहित्य मिळते कुठे?

‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये सुरू झाले. त्याचे जुने अंक डिजिटल स्वरूपात मोफत उपलब्ध आहेत. त्यामुळे आपण पाचवीत असताना आलेला नेमका दिवाळी अंक मोबाइलवर उघडता येतो. परदेशात मराठी शाळांमध्ये मुलांना पाठवणाऱ्या पालकांसाठीही ही सोय मोठी आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील ‘इफ्फी’त सुरू केलेल्या ‘वेव्ह्ज’ या ओटीटीवर दूरदर्शनच्या जुन्या मालिका आहेत.

आजी-आजोबांना काय विचारता येईल?

या २० प्रश्नांची गंमत अशी की, ते पालकांनाही लागू होतात. स्वतःच्या आई-वडिलांची पहिली नोकरी कोणती, पहिला पगार किती आणि तो कोणाच्या हातात दिला, हे किती जणांना सांगता येईल? लालबाग-परळमध्ये तर हा प्रश्न जमिनीशीच जोडलेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. अनेकांची पहिली नोकरी हीच शेवटचीही ठरली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. ज्यांचे आजोबा गिरणीत होते, अशी मुलेही तिथे सिनेमा पाहायला जातात. आजोबा साचाखात्यात होते की त्रासनखात्यात? पहिली काही वर्षे ‘बदली’ म्हणून दारात उभे राहून आज काम मिळते का, याची वाट पाहायचे का? भोंगा झाल्यावर चाळीत काय गडबड उडायची? हे सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.