कॅरिबू जिथे वितात



मागच्या तिमाहीत एका मंडळीत जमिनीच्या हक्कांविषयी बोलताना मी अलास्काच्या ग्विचिन आदिवासींचा उल्लेख केला. सभेनंतर एक काका म्हणाले, “ताई, आपल्या पाड्यांचे प्रश्न थोडे आहेत का?” त्यांना तिथे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून इथे लिहिते.

ग्विचिन लोक कॅरिबूवर, म्हणजे रेनडिअर जातीच्या हरणांवर जगतात. मांस, कातडे, गाणी, सारे त्यातूनच. आणि ते आपलेच विश्वासबंधू आहेत. मिशनरी रॉबर्ट मॅक्डोनल्ड यांनी केलेले त्यांच्या भाषेतले बायबल १८९८ मध्ये छापून झाले.

पोर्क्युपाईन नावाच्या कळपात २०१७ च्या गणनेत सुमारे २,१८,००० कॅरिबू होते. दर उन्हाळ्याच्या तोंडावर माद्या शेकडो मैल चालून आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानाच्या किनारी मैदानात येतात आणि बहुधा तिथेच वितात. तिथे कोवळे गवत असते, लांडगे-अस्वले कमी असतात आणि समुद्रवाऱ्याने डास पळतात. ग्विचिन या जागेला ‘जीवन जिथे सुरू होते ती पवित्र भूमी’ म्हणतात. दुष्काळातही त्यांचे पूर्वज तिथे शिकारीला गेले नाहीत.

नेमक्या याच मैदानाखाली तेल आणि वायू आहे असे मानतात. २०१७ च्या कायद्याने तिथले पट्टे लिलावात काढायला लावले. बांधकाम फक्त २,००० एकरांवर होईल, असे समर्थक सांगतात. ऐकायला थोडे वाटते. पण ते एकर सलग नसतात. विहिरी, रस्ते, पाईपलाईन सगळीकडे पसरतात, आणि नवजात पाडस घेतलेली मादी रस्त्यापासून दूरच राहते. मग ती डोंगराकडे सरकते, जिथे चारा निकृष्ट आणि शिकारी जास्त.

मैदानातच असलेल्या काक्टोविक गावातल्या अनेक इन्युपियाट आदिवासींना मात्र उत्खनन हवे आहे. तेलाच्या करातून त्यांच्या भागात सोयी आल्या, हे खरे आहे. त्यांना दोष देणे मला जमत नाही. आपल्याकडेही रस्ता हवा म्हणणारा पाडा आणि जंगल हवे म्हणणारा पाडा शेजारी-शेजारी असतात.

२०२१ च्या लिलावात मोठ्या तेल कंपन्या आल्याच नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये तर एकही बोली लागली नाही. तरीही त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने दहा वर्षांत आणखी किमान चार लिलाव ठरवले आहेत. तुमच्या मंडळीच्या प्रार्थनेच्या यादीत आर्क्टिक व्हिलेज या ग्विचिन गावाचे नाव लिहाल का?