वनौषधींची पारख

मृगाच्या सुमारास बदलापूरच्या बाजारात जांभळांच्या पाट्या येऊ लागतात. या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जांभूळ खाऊन झाल्यावर बी टाकून न देता, ती धुऊन, वाळवून व कुटून ठेवणारी घरे आपल्याकडे पुष्कळ. कारण हे चूर्ण मधुमेहावर गुणकारी असल्याची समजूत आहे. समजूत खरी की खोटी हे ठरविण्यापूर्वी, असे औषध तपासतात कसे, ते पाहू.

‘झाडपाल्याचे औषध, गुण आला नाही तरी अपाय होणार नाही,’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु कण्हेर आणि धोतरा हाही झाडपालाच! जे द्रव्य शरीरावर परिणाम करू शकते, ते प्रमाण चुकल्यास अपायही करू शकते. म्हणून तीन प्रश्न विचारावे लागतात : यात काय आहे, किती आहे, आणि नको ते काय मिसळले आहे?

पहिल्या प्रश्नासाठी चूर्णाची चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. कितीही कुटले तरी पिष्टकणांचे व पेशींचे आकार वनस्पतीची ओळख सांगतात. मग चूर्ण जाळून राख तोलतात. राखेचा जो भाग आम्लात विरघळत नाही, तो बहुधा माती-रेतीचा असतो. नंतर मद्यार्कात चूर्ण मुरवून अर्क काढतात. ओल्या टीपकागदावर शाईचा थेंब पसरला की तिच्यातील रंग वेगळे होतात, हे आपण शाळेत पाहिले असेल. त्याच तत्त्वाने काचेवरील सिलिकाच्या पातळ थरावर अर्काचा ठिपका ठेवून द्रावक वर चढू देतात. निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या उंचीवर थांबतात, आणि शेजारच्या खात्रीच्या नमुन्याशी त्यांची तुलना करता येते.

किती आहे, हे त्याहून नाजूक यंत्र सांगते. त्यात अर्क दाबाखाली बारीक नळीतून जातो आणि एकेक द्रव्य वेगळे होऊन मोजले जाते. जांभळाच्या बीतील गॅलिक व एलॅजिक ही आम्ले अशीच मोजतात.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. वनस्पती जमिनीतून जड धातूही शोषून घेते. म्हणून वनस्पतिजन्य औषधात दहा लाख भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग यांहून अधिक असू नये, अशी मर्यादा आहे. दमट जागी साठविलेल्या मालात बुरशीचे विष तपासावे लागते. शिवाय काही ठिकाणी ‘निव्वळ वनस्पती’ म्हणून विकलेल्या चूर्णांत साखर उतरविणाऱ्या आधुनिक गोळ्यांचे द्रव्य मिसळलेले सापडले आहे. अशा चूर्णाने आलेला गुण झाडाचा नव्हे. आणि रोगी आपल्या नेहमीच्या गोळ्याही घेत असेल, तर साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

अशा परीक्षेने काय साधते, ते सर्पगंधेने दाखविले. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळीतून अजमलीन वेगळे केले. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरील तिचे परिणाम प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये बाझल येथे रिसर्पीन हाती आले. द्रव्य हाती आल्यावर मात्रा तोलता आली; आणि अधिक मात्रेने मन खिन्न होते, हा दोषही नोंदविता आला. परंपरेचा त्यात अपमान झाला नाही. उलट तिला साक्षीदार मिळाला.

जांभळाचा निकाल मात्र इतका सरळ नाही. बियांच्या अर्काने मधुमेही उंदरांची साखर उतरल्याचे प्रयोग आहेत. पण ब्राझीलमध्ये पानांचा काढा रोग्यांना देऊन पाहिला, तेव्हा साखर उतरली नाही. पान म्हणजे बी नव्हे, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तेव्हा चूर्णाच्या भरवशावर इन्सुलिन किंवा गोळ्या बंद करणे म्हणजे न तोललेल्या वस्तूवर जीव तोलणे होय.

अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत रसायनाची प्रत्येक खेप तपासली जाते, हे आपल्यापैकी अनेकांना नोकरीतून ठाऊक आहे. तीच शिस्त उल्हासनगरच्या बाजारात पुडी घेतानाही अंगी असावी. १९६४ पासून आयुर्वेदीय औषधांसाठी औषधकायद्यात स्वतंत्र प्रकरण आहे. पुडीवर परवाना क्रमांक, खेपेचा क्रमांक व घटक छापले आहेत का, एवढे वाचावयास क्षणभरच लागतो. आणि आपण कोणते चूर्ण घेतो, ते डॉक्टरांपासून लपवू नये.