दगडफुलाचे खरे नाव

लालबागच्या मसाला गल्लीत धणे-जिऱ्याच्या शेजारी करड्या-काळ्या पापुद्र्यांचे दगडफूल मिळते. गोड्या मसाल्याचा खमंगपणा बराचसा त्याच्यावर अवलंबून. पण ते फूल नव्हे, आणि पुष्कळदा दगडावरचेही नव्हे. मी पन्नास ग्रॅम आणून कागदावर पसरले, तर काही पापुद्र्यांच्या पाठीला झाडाची साल चिकटलेली होती.

हे शैवाक. शैवाळ आणि कवक यांचा एकत्र संसार, म्हणून हा शब्द. कवक घर बांधते, शैवाळ उन्हात अन्न तयार करते. मग नाव कोणाचे लावायचे? नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शैवाकाचे नाव हे त्यातल्या कवकाचे नाव. शैवाळाला त्याचे स्वतंत्र नाव असते.

पुस्तकांत दगडफुलापुढे बहुधा 'पार्मोट्रेमा पर्लाटम' असे लिहिलेले आढळते. या नावाचा प्रवास मोठा आहे. लिनियसने 1753 मध्ये जवळजवळ सगळी शैवाके 'लायकेन' या एकाच प्रजातीत कोंबली होती. इंग्लंडच्या हडसनने 1762 मध्ये या जातीला 'लायकेन पर्लाटस' म्हटले. स्वीडनच्या अकारियसने 1803 मध्ये ती 'पार्मेलिया'त नेली, तर 1952 मध्ये शॉइसीने 'पार्मोट्रेमा'त. 1986 मध्ये हेल आणि आह्टी यांनी दाखवले, की लिनियसचा शिष्य ऑस्बेक याने 1757 मध्येच 'लायकेन चायनेन्सिस' हे नाव दिले होते. आधीचे नाव ते खरे, हा नियम. म्हणून 'पर्लाटम' मागे पडले. पुढे ऑस्बेकचा मूळ नमुनाच सापडला. हॉक्सवर्थ यांनी तो तपासला आणि 2004 मध्ये 'पर्लाटम' पुन्हा प्रचारात आणले. वाद शब्दांनी नव्हे, जपून ठेवलेल्या एका वाळक्या तुकड्याने मिटला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अजरेकर संग्रहासारख्या ठिकाणी पाकिटांत जपलेल्या शैवाकांचे मोल यातच आहे.

पण पोत्यातले सगळे दगडफूल 'पर्लाटम' असते का? नाही. बाजारातला माल अनेक जातींची सरमिसळ असतो. भिंगाखाली पाहिले तर 'पर्लाटम'च्या कडांना पिठासारखी भुकटी आणि बारीक काळे केस दिसतात. 'टिंक्टोरम' या जवळच्या जातीच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खुंट असतात, कडांना केस नसतात. वरचा थर खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचा थेंब टाकला, की 'टिंक्टोरम' लाल होते. 'पर्लाटम' होत नाही. दोघांतली आम्ले वेगळी असतात.

स्वयंपाकाला या भेदाने फारसा फरक पडत नाही, जंगलाला पडतो. शैवाके फार सावकाश वाढतात, बहुतेक वर्षाला काही मिलिमीटर. ती कोणी लावत नाही; हिमालयातल्या आणि दक्षिणेतल्या झाडांवरून खरवडून आणतात. कोणती जात किती काढली, हे मोजायचे तर आधी ती ओळखून तिचे नाव लिहावे लागते. पोत्यावर नुसते 'दगडफूल' लिहिलेले असेल, तर त्यातली एखादी जात जंगलातून संपली तरी पोते भरलेलेच दिसेल.