खेळण्यातली सुई आणि कागदाचा फानूस

मधली सुट्टी होती. चौथीच्या मुलांचा दवाखान्याचा खेळ रंगला होता. बीडच्या बाजारात प्लास्टिकच्या पेटीत मिळतो तसला ‘डॉक्टर सेट’ कुणीतरी आणला होता. एक मुलगा गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून डॉक्टर झाला. एका मुलीच्या हाती इंजेक्शन आले, म्हणून ती नर्स. दोघे पेशंट बाकावर आडवे. डॉक्टर म्हणाला, “सुई टोच.” तिने टोचली. डॉक्टर म्हणाला, “आता जा.” ती गेली. खेळ संपला.

आम्ही विचारले, “नर्स आणखी काय काय करते?” सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एक जण म्हणाला, “मॅडम, नर्स डॉक्टरचं ऐकती.”

हसून सोडून दिले असते. पण त्याच आठवड्यात त्या ‘नर्स’चे अब्बू शाळेत आले. त्यांची थोरली मुलगी आमचीच जुनी विद्यार्थिनी. बारावी चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि नर्सिंगचा अर्ज भरायचाच म्हणून हटून बसली होती. घरी एक स्थळही आले होते. “मॅडम, आप समझाओ उसको,” ते म्हणाले. “रात की ड्यूटी, सुई टोचने का काम. लोगां क्या बोलेंगे?”

चौथीतला मुलगा आणि चाळिशीतला बाप एकच गोष्ट सांगत होते. नर्स म्हणजे सुई, आणि दुसऱ्याचा हुकूम. प्लास्टिकच्या पेटीने मुलांना जे शिकवले, तेच मोठ्यांच्याही मनात होते. बालविवाहाचे प्रमाण राज्यात जास्त असलेल्या जिल्ह्यांत आपल्या बीडचे नाव येते. अशा ठिकाणी मुलीपुढची एक वाट मनातच बंद होणे ही लहान गोष्ट नाही. म्हणून आम्ही ठरवले, या वर्षी मुलांना परिचर्येचा इतिहास शिकवायचा. गोष्टींतून आणि हाताने केलेल्या खेळण्यांतून.

मस्जिदीजवळचा तंबू

सुरुवात मदिन्यापासून केली. हिजरी ५, म्हणजे इ. स. ६२७. खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हातावर बाण लागला. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिदीतल्या तंबूत ठेवायला सांगितले, म्हणजे जवळून विचारपूस करता येईल. तो तंबू अस्लम कबील्यातील हजरत रुफैदा (रजि.) यांचा होता. त्या जखमींवर उपचार करीत. हजरत उम्मे अतिय्या (रजि.) यांनी सात मोहिमांत जखमींची काळजी घेतल्याचे, तर हजरत रुबय्यिअ बिन्त मुअव्विज (रजि.) यांनी जखमींना पाणी पाजून मदिन्याला परत आणल्याचे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे.

इथे पालकांना एक विनंती. हजरत रुफैदांविषयी जुन्या ग्रंथांत मोजक्याच ओळी आहेत. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रपुस्तिकांत त्यांचे संवाद, त्यांचा पोशाख, त्यांच्या ‘नर्सिंग शाळे’चे नियम असे बरेच रंगवलेले असते. मुलांना तेवढेच सांगावे, जेवढे नोंदलेले आहे. एक तंबू, एक जखमी सहाबी आणि त्याची देखभाल करणारी एक स्त्री, एवढे मुलाला पुरते.

आम्ही जुन्या ओढणीचा आणि चार काड्यांचा तंबू केला. आत काडेपेटीची खाट ठेवली. मुलांनी आपणहून पाण्याची सुरई ठेवली. एकीने विचारले, “मॅडम, सुई कुठं ठेवायची?” दुसरी म्हणाली, “तेव्हा सुई नव्हतीच.” मग नर्स काय करत असेल, यावर वर्गात प्रथमच बोलणे निघाले. जखम धुणे, पट्टी बांधणे, पाणी पाजणे, रात्री जागणे. फळा भरून गेला.

चिराग नव्हे, फानूस

फ्लॉरेन्स नाइटिंगेल मुलांना धड्यांतून ओळखीची असते. चित्रात तिच्या हाती बहुधा अलाउद्दीनच्या चिरागासारखा दिवा असतो. खरे तर तो घडीचा, चुण्यांचा तुर्की कंदील होता. त्याला तिकडेही ‘फानूस’च म्हणतात. हे ऐकून मुलांना फार आनंद झाला, कारण हा शब्द त्यांच्या घरातला.

हा फानूस तिच्या हाती आला कसा? क्रिमियाच्या युद्धात उस्मानी सल्तनत, इंग्लंड आणि फ्रान्स हे रशियाविरुद्ध एका बाजूला होते. जखमी इंग्रज सैनिकांचे रुग्णालय इस्तंबूलच्या उस्कुदार भागात, तुर्कांच्या लष्करी बराकीत होते. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स ३८ परिचारिका घेऊन तिथे पोहोचली. जखमांपेक्षा कितीतरी जास्त सैनिक जुलाब, कॉलरा, तापाने मरत होते. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. १८५५ च्या वसंतात गटारे आणि हवा-पाण्याची व्यवस्था सुधारली, तेव्हा मृत्यू झपाट्याने कमी झाले.

परत गेल्यावर तिने या मृत्यूंचा हिशेब मांडला. १८५८ मध्ये छापलेल्या तिच्या गोल आकृतीत प्रत्येक महिन्याची एक पाकळी आहे. टाळता येणाऱ्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे लाल, इतर काळ्या. निळा रंग इतका पसरलेला आहे की वाचता न येणाऱ्यालाही कळावे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. म्हणजे दिवा खरा, पण त्याच्या मागे वही आणि पेन्सिलही होती.

वर्गात आम्ही घोटीव कागदाच्या उलटसुलट घड्या घालून फानूस केले. मग प्रत्येकाने घरातील महिन्याभराची आजारपणे लिहून आणली आणि रंगीत कागदाच्या पाकळ्या कापून चिकटवल्या. सर्वांत मोठी पाकळी जुलाबाची निघाली. पाण्याची टाकी कधी धुतली होती, हा प्रश्न त्या दिवशी बऱ्याच घरांत विचारला गेला.

त्याच युद्धात जमैकाची मेरी सीकोल स्वतःच्या खर्चाने गेली होती. सावळ्या रंगाच्या या बाईंना अधिकृत पथकात जागा मिळाली नाही, तेव्हा त्यांनी आघाडीजवळ स्वतःचे ठिकाण उभारून सैनिकांची सेवा केली. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत आज दोघींच्याही गोष्टी शिकवल्या जातात. २०२० मध्ये बार्बी बाहुल्यांच्या कंपनीने फ्लॉरेन्सची बाहुली काढली. ती महागडी बाहुली आपल्याला नको. पण परिचारिका हा इतिहासाचा विषय आहे, हे मुलांना खेळण्यातून कळू शकते, एवढे मात्र त्यावरून घेण्यासारखे आहे.

आपल्या मातीतल्या बायका

मुलांनी विचारले, “आपल्याकडं कोण?” आम्ही सावित्रीबाई फुल्यांचे नाव घेतले. शिक्षिका म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण १८९७ च्या प्लेगात त्यांनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्याबरोबर पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईत १८९१ मध्ये परिचर्येचे शिक्षण घ्यायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून येते. त्यांच्याही घरी कुणीतरी ‘लोक काय म्हणतील’ हे विचारलेच असेल.

घरी करता येईल असा संच

ही पेटी घरीही तयार होते. दोन नरसाळी आणि हातभर रबरी नळी जोडली की स्टेथोस्कोप होतो. भावाच्या छातीचे ठोके खरोखर ऐकू येतात. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून अशी कितीतरी खेळणी करून दाखवली. त्यांची मराठी पुस्तके इंटरनेटवर मोफत वाचता येतात. सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन मनगटाची नाडी मोजायला शिकवा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. हाताला तेल-हळद चोळून साबणाने धुवायला लावा; पिवळेपणा कुठे राहिला ते दिसते. वुजूची सवय असलेल्या मुलांना हा खेळ पटकन कळतो. आणि एक वही ठेवा: तारीख, वेळ, ताप, काय खाल्ले, कोणते औषध दिले.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. वापरलेली सिरिंज, सलाईनची नळी, औषधाच्या रिकाम्या बाटल्या मुलांच्या हाती देऊ नका. पाऱ्याचा थर्मामीटर खेळात नको. आणि मुलाला डॉक्टर, मुलीला नर्स अशी वाटणी करू नका. आलटून पालटून खेळू द्या. परिचारक पुरुषही असतात आणि डॉक्टर मुलीही.

ती वही

चौथीतल्या त्या मुलीची दादी त्या पावसाळ्यात तापाने पडली. मुलीने वहीत दर चार तासांनी ताप लिहिला. सरकारी दवाखान्यात नेले तेव्हा सिस्टरने ती वही पाहिली, वेळा विचारल्या आणि डॉक्टरांपुढे ठेवली. अब्बू शेजारीच उभे होते. “ही कुणी लिहिली?” असे त्यांनाच विचारले गेले.

तरी निर्णय त्या वहीने झाला असे आम्ही म्हणणार नाही. तो अम्मीने केला. घरात पुन्हा रात्रीच्या ड्युटीचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, “ही धाकटी रात्री दोनला झाली. तेव्हा उपकेंद्रात जी बाई माझ्याजवळ होती, ती पण कुणाची तरी बेटीच होती ना? तिच्या बापाने तिला पाठवलं म्हणून मी वाचले.” अब्बू उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ते अर्जाची चौकशी करायला आले.

अशा चौकशीसाठी येणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगतो: बारावीनंतर एएनएम २ वर्षांचे, जीएनएम ३ वर्षांचे, बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचे. फी भरण्याआधी त्या संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, ते स्वतः पाहा. वसतिगृह, येण्याजाण्याची सोय, रात्रपाळीचे नियम मोकळेपणाने विचारा. बापाची काळजी खोटी नसते. तिला उत्तर मिळायला हवे.

थोरली आता जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. ईदच्या सुट्टीत घरी आली तेव्हा धाकटीने मोठ्या ऐटीत आपली वही दाखवली. तिने पाने चाळली, एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, “औषध लिहिलंस, वेळ लिहायची विसरलीस.” धाकटीने लगेच पेन्सिल आणली.