कुणाचेही मिंधे नसलेले

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याचा इतिहास सांगताना चर्चचा उल्लेख हमखास होतो. कृष्णवर्णीय कुटुंबांनी चालवलेल्या ‘फ्युनरल होम’चा मात्र क्वचितच. आपल्याकडे मर्तिकाची तयारी भाऊबंद आणि शेजारीपाजारी करतात. त्यामुळे मृतदेह ताब्यात घेण्यापासून अंत्यदर्शन, शवपेटी आणि दफनापर्यंत सारे पाहणारा, बापाकडून मुलाकडे जाणारा हा व्यवसाय आपल्या डोळ्यांसमोर चटकन येत नाही. या घराण्यांकडे एक दुर्मीळ गोष्ट होती: गोऱ्यांच्या मर्जीवर न चालणारी मिळकत. त्या मिळकतीवाचून हा लढा कितीतरी दुबळा राहिला असता.

या व्यवसायाला बळ मिळाले १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात. दूर पडलेल्या सैनिकांचे देह रसायने भरून, टिकवून घरी पाठवले जाऊ लागले. पुढे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा देहही असाच जपून रेल्वेने गावोगावी दर्शनासाठी नेला गेला. पण वंशभेदाने मरणातही पंगती वेगळ्याच ठेवल्या. आपल्या माणसांना सन्मानाने निरोप द्यायचा तर कृष्णवर्णीयांना स्वतःचीच व्यवस्था हवी होती. खाणीत काम केलेल्या ए. जी. गॅस्टन यांनी १९२३मध्ये अलाबामात बर्मिंगहॅमजवळ दफनखर्चासाठी वर्गणीची सोसायटी सुरू केली. तिच्या जोडीने फ्युनरल होम आणि नंतर विमा कंपनी उभी राहिली.

दक्षिणेत मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्या कृष्णवर्णीय शिक्षकाची नोकरी जाई, कुळाला जमिनीवरून हुसकावले जाई. फ्युनरल होमच्या मालकाचे गिऱ्हाईक मात्र त्याच्याच समाजाचे. १९५५मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला आणि पेटी उघडू नये, या अटीवर त्याचा देह शिकागोला पाठवला गेला. आई मेमी टिल यांच्या आग्रहावरून रेनर कुटुंबाच्या फ्युनरल होममध्ये ती उघडली गेली. हजारोंनी तो विद्रूप चेहरा पाहिला, ‘जेट’ साप्ताहिकाने छायाचित्रे छापली आणि देश हादरला. या खुनाच्या खटल्याला हजर राहिलेले अमेरिकी काँग्रेसचे सदस्य चार्ल्स डिग्ज डेट्रॉइटमधील अशाच एका घराण्यातले. माँटगोमेरीत वंशभेदी बससेवेवर टाकलेल्या बहिष्कारात वाहतूक समिती सांभाळणारे रूफस लुईस यांचेही या व्यवसायाशी सासरच्या बाजूने नाते होते. १९६३मध्ये लुइझियानातील प्लाकमीन गावातून चळवळीचे नेते जेम्स फार्मर जीव वाचवून निसटले, ते शववाहिकेतून. ही एवढी उदाहरणे केवळ योगायोगाने जुळत नाहीत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की हा धंदा शोकाकुल माणसाच्या अगतिकतेवर चालतो. जेसिका मिटफर्ड यांनी १९६३मध्ये पुस्तक लिहून अमेरिकेतील अवाच्या सवा अंत्यखर्चावर कोरडे ओढले; १९८४पासून दरपत्रक देणे कायद्याने बंधनकारक झाले. ही टीका रास्त आहे आणि कृष्णवर्णीय व्यावसायिकही तिच्यातून सुटत नाहीत. पण नफा कुठून आला आणि तो कशासाठी वापरला गेला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: वंशभेदानेच ज्यांना हक्काचे गिऱ्हाईक दिले, ते त्याच्याविरुद्ध मनापासून कसे लढतील? गॅस्टन सबुरीच्या मार्गाचे होते. बर्मिंगहॅममधील रस्त्यावरचे आंदोलन त्यांना सहज रुचले नाही. तरीही चळवळीचे नेते त्यांच्याच मोटेलात उतरले, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जामिनाचे पैसे त्यांनी भरले आणि मे १९६३मध्ये त्या मोटेलवर बॉम्बहल्ला झाला. आर्थिक स्वातंत्र्य माणसाला शूर करत नाही, हे खरे. पण धैर्य दाखवल्यावर घरची चूल विझणार नाही, एवढी हमी ते देते, आणि सामान्य माणसाचे धैर्य बहुधा त्या हमीपाशीच अडलेले असते.

पुढे मोठ्या साखळी कंपन्यांनी अशी अनेक कौटुंबिक फ्युनरल होम विकत घेतली. दरपत्रकाच्या कायद्याने ग्राहकाचे रक्षण होते; समाजाच्या पैशावर उभा असलेला, समाजालाच उत्तर देणारा मालक मात्र कायद्याने निर्माण करता येत नाही. म्हणून हक्कांची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक समाजाने आपल्या सभांइतकेच आपल्या दुकानांकडे, पतपेढ्यांकडे आणि वर्गणीच्या वह्यांकडे लक्ष द्यायला हवे.