जाहिरातीत १३,५०० पौंड, दारावर १,५५०! ट्रेलर ओढणारा पिकअप निवडताना नेमका कोणता आकडा बघायचा?

यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनच्या सहलींचे व्हिडिओ बघताना एक दृश्य हमखास दिसतं. पुढे ऐसपैस पिकअप ट्रक आणि त्याच्या मागे जोडलेलं लांबलचक पांढरं घर. आत पलंग, ओटा, फ्रीज, अगदी बाथरूमसुद्धा. अमेरिका आणि कॅनडात याला ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. मुक्कामी पोहोचलं की ट्रेलर सोडून ठेवायचा आणि ट्रक घेऊन फिरायला मोकळं व्हायचं, ही त्याची मोठी सोय.

पण तीन टनांचं घर ताशी शंभर किलोमीटर वेगाने ओढत न्यायचं, तर पुढची गाडी त्या तोलाची हवी. इथेच बरेच जण फसतात. जाहिरातीत ‘हा ट्रक १३,५०० पौंड ओढतो’ असं लिहिलेलं असतं. आपला ट्रेलर ७,००० पौंडांचा, म्हणजे जवळपास निम्मा. मग काळजी कसली?

काळजी आहे, कारण ट्रक किती ‘ओढतो’ हा एक प्रश्न झाला. तो पाठीवर किती ‘पेलतो’ हा दुसरा. साध्या कौटुंबिक पिकअपची मर्यादा बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावर आधी संपते.

हाफ-टन, वन-टन ही काय भानगड आहे?

आपल्याकडे पिकअप म्हटलं की बाजार समितीत भाजी किंवा दुधाचे कॅन नेणारी गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र तोच ट्रक मुलांना शाळेत सोडायलाही वापरतात. फोर्डची एफ-सीरिज तर चार दशकांहून जास्त काळ तिथली सर्वाधिक खपाची वाहनमालिका राहिली आहे.

मोठ्या पिकअपचे ढोबळ मानाने तीन वर्ग आहेत. फोर्ड एफ-१५०, रॅम १५००, शेवरले सिल्व्हरॅडो १५०० आणि टोयोटा टुंड्रा हे ‘हाफ-टन’. एफ-२५० किंवा रॅम २५०० हे ‘थ्री-क्वार्टर-टन’. एफ-३५० किंवा रॅम ३५०० हे ‘वन-टन’. पूर्वी हे ट्रक खरंच तेवढा माल वाहायचे म्हणून ही नावं पडली. आज प्रत्येकाची क्षमता त्याहून जास्त आहे, नावं तेवढी तीच राहिली.

जाहिरातीतला आकडा कुठून येतो?

हा आकडा खोटा नसतो. एकेकाळी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो ठरवायची. मग ‘एसएई जे२८०७’ नावाचं समान मानक आलं. टोयोटाने २०११ च्या टुंड्रापासून ते स्वीकारलं आणि पुढे फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅमही त्यावर आले.

ही चाचणी चांगलीच कडक आहे. तिच्यासाठी ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ प्रमाण मानला आहे. बाहेर ३८ अंश सेल्सिअस तापमान, एसी पूर्ण चालू आणि मागे ट्रेलर. अशा स्थितीत साध्या मागच्या चाकांच्या ट्रकचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये.

मग अडचण कुठे आहे? चाचणीत ट्रकमध्ये चालक आणि एक प्रवासी धरतात, दोघंही प्रत्येकी १५० पौंडांचे, म्हणजे ६८ किलोचे. मुलं, कुत्रा, सायकली, शेगडी, कोळसा यांचा हिशेब त्यात नाही. शिवाय सर्वांत मोठा आकडा त्या मॉडेलच्या एका ठरावीक जोडणीचा असतो. विशिष्ट इंजिन, विशिष्ट ॲक्सल, विशिष्ट टोइंग पॅकेज. शोरूममध्ये उभा असलेला, सनरूफ आणि लेदर सीटवाला ट्रक बहुधा तो नसतो.

खरा आकडा दाराच्या चौकटीवर

चालकाचं दार उघडलं की चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं छोटं लेबल दिसतं. माणसं आणि सामान मिळून वजन अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा जास्त होऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हाच त्या ट्रकचा ‘पेलोड’.

हा आकडा मॉडेलचा नाही, समोर उभ्या असलेल्या त्याच गाडीचा असतो. एकाच रंगाचे, एकाच नावाचे दोन ट्रक शेजारी उभे असले तरी त्यांचे पेलोड वेगळे असू शकतात. फोर-व्हील ड्राइव्ह, मोठी केबिन, सनरूफ, विजेवर हलणाऱ्या सीट अशी एकेक चैन वाढली की तेवढा पेलोड कमी होतो. त्यामुळे महागडा ट्रक साध्या ट्रकपेक्षा कमी भार पेलतो, असं सर्रास दिसतं. चार दारांच्या सजवलेल्या हाफ-टनमध्ये १,४०० ते १,८०० पौंड पेलोड असणं नेहमीचंच.

ट्रेलर मागे असतो, मग त्याचं वजन ट्रकवर कसं?

बैलगाडी भरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते आणि जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. म्हणून थोडासा भार पुढे राहील अशा बेताने गाडी भरतात.

ट्रेलरचं गणित अगदी हेच आहे. त्याचा पुढचा दांडा ट्रकच्या हिचवर टेकतो. तिथे पडणाऱ्या भाराला ‘टंग वेट’ म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. त्याहून कमी झाला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो. हे झुलणं वाढत गेलं तर ट्रकसकट सगळं उलटू शकतं. म्हणजे टंग वेट कमी करून पेलोड वाचवणं हा पर्याय नाही. तो भार ट्रकने पेलायलाच हवा.

आता बेरीज करून बघू

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. ट्रकची ओढण्याची क्षमता ११,००० पौंड, दारावरचा पेलोड १,५५० पौंड. ट्रेलर पूर्ण भरल्यावर ७,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३,२०० किलोचा.

- टंग वेट, १३ टक्क्यांनी: ९१० पौंड
- वजन विभागणारी हिच: ९० पौंड
- आई, बाबा आणि दोन मुलं: ५५० पौंड
- ट्रकमध्ये ठेवलेलं सामान: १५० पौंड

एकूण १,७०० पौंड. ओढण्याच्या हिशेबात ४,००० पौंड शिल्लक, पण पेलण्याच्या हिशेबात १५० पौंड जास्त. हा ट्रक त्या दिवशी निघेलही आणि सपाट रस्त्यावर मजेत पळेलही. म्हणूनच चूक लवकर लक्षात येत नाही. पण भार वाढत गेला की मागचा भाग बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंगची पकड कमी होते, थांबायला जास्त अंतर लागतं आणि मागचे टायर तापतात. अचानक वळण घ्यावं लागलं किंवा शेजारून मोठा ट्रक वाऱ्याचा झोत देत गेला, की ही उणीव समोर येते.

‘ड्राय वेट’वर विसंबू नका

ट्रेलर विकताना ठळकपणे सांगतात ते ‘ड्राय वेट’, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. पण रिकामं घर घेऊन सहलीला कोण जातं? अमेरिकी गॅलनभर पाण्याचं वजन ८.३ पौंड असतं. ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच वाढले. त्यात भांडी, अंथरुणं, खाणंपिणं, बॅटरी, गॅस सिलिंडर. म्हणून हिशेब नेहमी ट्रेलरच्या कमाल मान्य वजनावर करावा. ते वजन ट्रेलरवरच्या लेबलवर ‘जीव्हीडब्ल्यूआर’ या अक्षरांपुढे लिहिलेलं असतं.

इंजिन मोठं घेतलं की झालं?

इंजिनाचं महत्त्व घाटात कळतं. हवा विरळ झाली की साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत जवळपास तीस टक्के ताकद गेलेली असते. टर्बो इंजिन ही घट बऱ्याच अंशी भरून काढतं. रॉकी पर्वतात वरचेवर जाणारे टर्बो पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाकडे वळतात, ते यासाठीच.

ॲक्सल रेशोही बघावा. ३.३१, ३.५५, ३.७३ असे हे आकडे असतात. आकडा मोठा तितका ट्रक ओढायला सोपा, पण रिकामा चालवताना इंधन थोडं जास्त लागतं. एकाच इंजिनाच्या दोन ट्रकच्या ओढण्याच्या क्षमतेत यामुळे हजारो पौंडांचा फरक पडू शकतो.

चढापेक्षा उतार जास्त धोक्याचा. सतत ब्रेक दाबून उतरलं तर ते तापतात आणि लागेनासे होतात. ‘टो-हॉल मोड’ लावला की गाडी खालच्या गिअरमध्ये राहते आणि इंजिनच वेग आवरतं. मोठ्या डिझेल ट्रकमधला एक्झॉस्ट ब्रेक हेच काम आणखी जोरात करतो.

पण डिझेलची एक गोम आहे. हे इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा काहीशे पौंडांनी जड असतं. अनेक थ्री-क्वार्टर-टन ट्रकचं भारासह कमाल वजन १०,००० पौंडांच्या आसपास ठेवलेलं असतं. त्यामुळे इंजिन जड झालं की पेलोड तेवढा घटतो. सगळ्या सोयी असलेल्या डिझेल थ्री-क्वार्टर-टनचा पेलोड २,००० पौंडांच्या जवळपास आला, असं होऊ शकतं. नाव मोठं असलं तरी दारावरचं लेबल वाचायलाच हवं.

इलेक्ट्रिक पिकअप चालेल का?

ओढायला जोर भरपूर आहे. अडचण पल्ल्याची. उंच, चौकोनी ट्रेलर म्हणजे वाऱ्यात उभी धरलेली भिंत. पेट्रोल ट्रकचं मायलेज अशा ट्रेलरमुळे निम्म्यावर येऊ शकतं, तसा इलेक्ट्रिक ट्रकचा पल्लाही जवळपास निम्मा होतो. पेट्रोल काही मिनिटांत भरता येतं. चार्जिंगला वेळ लागतो, शिवाय बऱ्याच चार्जरजवळ ट्रेलरसकट उभं राहायला जागा नसल्याने तो आधी सोडून ठेवावा लागतो. जवळच्या मुक्कामासाठी ठीक, लांबच्या प्रवासाला आखणी नीट हवी.

हिच, ब्रेक आणि काही गैरसमज

वजन विभागणारी हिच स्प्रिंगच्या दांड्यांनी मागचा थोडा भार ट्रकच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकलते. अनेक हाफ-टन ट्रकमध्ये ५,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला कंपनीच ती लावायला सांगते. पण ती लावल्याने दारावरचा पेलोड वाढत नाही. मागे एअर बॅग किंवा जादा स्प्रिंग बसवले तरी नाही. ट्रक सरळ दिसतो इतकंच. ॲक्सल, टायर आणि ब्रेक तेच राहतात.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात आणि ते चालवणारा कंट्रोलर ट्रकमध्ये हवा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. ट्रेलर झुलायला लागला तर ट्रकचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलरच्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे. वेगही बेताचा हवा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैलांचीच, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे.

मग खरेदी कशी करायची?

शक्य असेल तर आधी ट्रेलर ठरवावा, मग ट्रक. ट्रेलरच्या कमाल वजनाच्या १३ ते १५ टक्के काढावेत. त्यात हिच, घरातली सगळी माणसं आणि ट्रकमधलं सामान मिळवावं. येणाऱ्या बेरजेपेक्षा दोन-तीनशे पौंड जास्त पेलोड दारावर लिहिलेला असेल, तोच ट्रक बघावा. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाला किमान १,९०० ते २,००० पौंड पेलोड लागेल. तो साध्या सजावटीच्या, योग्य पॅकेजच्या हाफ-टनमध्ये मिळू शकतो. नाही मिळाला तर पेट्रोल थ्री-क्वार्टर-टन, नाहीतर हलका ट्रेलर. ट्रक आधीच दारात उभा असेल, तर हीच बेरीज उलटी करून त्याला झेपेल असा ट्रेलर शोधावा.

शेवटची खातरजमा वजनकाट्यावर होते. अमेरिकेतल्या ट्रक स्टॉपवर ‘कॅट स्केल’ नावाचे काटे असतात. काही डॉलरमध्ये ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. पहिल्या सहलीला सगळं सामान भरून, सगळ्यांना गाडीत बसवून तिथे थांबावं आणि ती पावती दारावरच्या लेबलांशी ताडून बघावी. आकडा जास्त निघाला तर पाण्याची टाकी रिकामी करणं किंवा ट्रकमधलं सामान घरी ठेवणं, घाट सुरू होण्याआधी एवढं तरी हातात असतं.